सहकार्यातून उच्च शिक्षण : सातारा-सांगलीतील प्रयोगांची चिकित्सा

प्रस्तावना

इ.स. १९१९ या एकाच वर्षी सातारा-सांगली परिसरात दोन महत्त्वाच्या शैक्षणिक घटना घडल्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले आणि कराडजवळील काले या गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पहिल्या घटनेने पदवीचे शिक्षण सांगलीच्या दारी आणले. दुसरीने त्या दारापर्यंत ज्यांना पोहोचताच येत नव्हते, त्यांच्या राहण्या-जेवणाचा प्रश्न प्रथम हाती घेतला. दुर्गम व ग्रामीण भागातील उच्च शिक्षणाचा विचार करताना या दोन कार्यांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. शिक्षणाची सोय करणे वेगळे आणि त्या सोयीपर्यंतचे अंतर कमी करणे वेगळे. संस्थांच्या परस्पर सहकार्याचे मूल्यमापन करताना आज पहिल्या कार्याची मोजदाद होते. दुसरे मात्र दुर्लक्षित राहते, असे दिसून येते.

सहकार्याची मूळ कल्पना

भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. गावोगावच्या शेतकरी कुटुंबांनी दिलेले धान्य, लक्ष्मीबाईंनी मोडलेले दागिने आणि विद्यार्थ्यांचे स्वतःचे श्रम यांवर हे वसतिगृह चालले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि १९५४ मध्ये कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय उभे राहिले. ‘कमवा आणि शिका’ योजनेने श्रमाच्या मोबदल्यात पदवीचे शिक्षण शक्य करून दाखविले.

या प्रयोगातील सहकार्याचे स्वरूप नेमके काय होते? ते दोन महाविद्यालयांतील नव्हते. समाज, संस्था आणि विद्यार्थी यांच्यातील होते. मुलाला गावातून शहरात आणण्याचा आणि तेथे टिकवून ठेवण्याचा खर्च या तिघांनी वाटून घेतला. अर्थात, या प्रयोगाला मर्यादाही होत्या. श्रमाचा भार अखेर गरीब विद्यार्थ्यावरच अधिक पडे आणि सारी उभारणी एका विलक्षण व्यक्तिमत्त्वाभोवती फिरत होती. तरीही अंतराचा खर्च हा शिक्षणाच्याच खर्चाचा भाग आहे, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मान्य केलेले होते.

संस्थांचा विस्तार आणि पाण्याचा मार्ग

१९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर महाविद्यालये तालुक्यांच्या गावी पोहोचू लागली. पाटण, दहिवडी, आटपाडी व जत येथेही पदवीचे शिक्षण उपलब्ध झाले. ही कामगिरी मोठी आहे. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी इस्लामपूरनजीक राजारामनगर येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. सहकारी साखर कारखानदारीतून उभे राहिलेले नेतृत्व आणि भांडवल शिक्षणाकडे वळले. परिणामी व्यावसायिक शिक्षण प्रामुख्याने कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात स्थिरावले. जेथे पाटाचे पाणी पोहोचले, तेथे महाविद्यालयही पोहोचले. माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पूर्वभाग आणि पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा हा डोंगराळ पश्चिमभाग यांच्या वाट्याला मुख्यतः कला-वाणिज्य शाखा आल्या.

तालुक्याच्या गावी महाविद्यालय असणे म्हणजे तालुक्याला शिक्षण मिळणे नव्हे. महाबळेश्वर तालुक्यातील कांदाटी खोऱ्याचे दळणवळण कोयनेच्या शिवसागर जलाशयामुळे दीर्घकाळ लाँचवर अवलंबून राहिले. जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांना तालुक्याचे ठिकाणच दूर पडते. शिवाय तेथील काही मुले जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळांत शिकून पुढे मराठी वातावरणाच्या महाविद्यालयात येतात. त्यांच्यासाठी अंतर हे केवळ किलोमीटरचे नसते, भाषेचेही असते.

आजच्या सहकार्याचे तीन नमुने

पहिला नमुना दूरशिक्षणाचा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने प्रस्थापित महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे उघडली. नोकरदार, गृहिणी व शिक्षण अर्धवट सुटलेले प्रौढ यांना त्याचा निःसंशय लाभ झाला. परंतु अभ्यासकेंद्र महाविद्यालयातच असल्याने संपर्कसत्रासाठीचा प्रवास टळला नाही. तो फक्त रोजचा राहिला नाही.

दुसरा नमुना शिवाजी विद्यापीठाच्या अग्रणी महाविद्यालय योजनेचा. एका महाविद्यालयाभोवती परिसरातील महाविद्यालयांचा गट करून कार्यशाळा व व्याख्याने आयोजित करण्याची ही कल्पना स्तुत्य आहे. लहान महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना तिच्यामुळे बाहेरचे तज्ज्ञ ऐकावयास मिळतात. मात्र एक दिवसाच्या कार्यशाळेने वर्षभर रिक्त असलेल्या प्राध्यापकपदाची उणीव भरून निघत नाही.

तिसरा नमुना समूह विद्यापीठाचा. २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ अस्तित्वात आले. यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही त्याची तीन घटक महाविद्यालये. प्रयोगशाळा, ग्रंथालये व अध्यापक यांचा सामाईक उपयोग आणि अभ्यासक्रमाचे स्वातंत्र्य ही त्याची बलस्थाने होत. परंतु ही तिन्ही महाविद्यालये सातारा शहरातच आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन हजार वा अधिक विद्यार्थिसंख्येच्या बहुविद्याशाखीय संस्था व समूह हेच उद्दिष्ट ठेवले आहे. डोंगराळ तालुक्यातील लहान महाविद्यालयाला त्या मोजपट्टीत स्थान कोठे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

या तिन्ही नमुन्यांत एक साम्य आहे. सहकार्य संस्था-संस्थांत घडते. अंतराचा खर्च मात्र विद्यार्थ्याच्या कुटुंबाकडेच राहतो. तंत्रज्ञानाने तो नाहीसा होईल ही अपेक्षाही २०२० च्या कोरोनाकाळात फोल ठरली. मोबाईल घेऊन उंचवट्यावर रेंज शोधणाऱ्या विद्यार्थ्याने तो खर्च वेगळ्या रूपात भरलाच.

मुलींच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक होते. एस.टी.चा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंतच्या मुलींना मिळतो. म्हणजे पदवीचा उंबरठा येतो, तेथेच मोफत प्रवास संपतो आणि सवलतीचा पास सुरू होतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण शेवटची गाडी चुकण्याच्या भीतीने ज्या मुलीचे शिक्षण थांबते, तिच्या अडचणीचे उत्तर शुल्कमाफीत नाही. वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या शासकीय योजना आहेत, परंतु त्या एकेका विद्यार्थ्याने अर्ज करून मिळवावयाच्या आहेत; संस्थांच्या सहकार्याचा त्या भाग नाहीत.

मूल्यमापनाची दिशा

नॅकच्या तिसऱ्या निकषात सामंजस्य करार व सहकार्याचे उपक्रम यांची नोंद मागितली जाते. त्यामुळे करारांची फाईल जाड होते. त्या करारामुळे कोणत्या गावची मुलगी प्रथमच महाविद्यालयात आली, हे सांगणारा रकाना मात्र त्या फाईलीत आढळत नाही. त्यासाठी विद्यापीठाची वा शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रवेश अर्जावर गाव असतेच. वर्षातून एकदा गावनिहाय यादी केल्यास परिसरातील कोणत्या गावांतून एकही विद्यार्थी आला नाही, हे प्रत्येक महाविद्यालयाला कळू शकते.

यापुढील सहकार्याची दिशाही त्यातूनच निश्चित होईल. एका महाविद्यालयाच्या वसतिगृहातील काही जागा गटातील सर्वांसाठी राखता येतील. वेळापत्रक एस.टी. आगाराशी बोलून ठरविता येईल. दहिवडी, आटपाडी व जत यांसारख्या ठिकाणी अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या विषयासाठी एकच अध्यापक आळीपाळीने जाऊ शकेल. श्रेयांक हस्तांतरणाच्या व्यवस्थेमुळे अशा अध्यापनाला मान्यता देणे आता पूर्वीइतके अवघड नाही. विद्यार्थ्याने प्रवास करण्याऐवजी अध्यापकाने करावा, हाच यातील मुख्य बदल होय. त्यासाठी अध्यापकांच्या कार्यभारात या प्रवासाची गणना व्हावी लागेल. अन्यथा अंतराचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून निघून अध्यापकाच्या खिशात जाईल, इतकेच.

समारोप

कर्मवीरांच्या नावाने आज साताऱ्यात विद्यापीठ आहे. त्यांच्या कार्याचा वारसा नावात किंवा करारांच्या संख्येत शोधण्यापेक्षा त्यांच्या जमाखर्चात शोधणे अधिक उचित ठरेल. त्या जमाखर्चात मुलाच्या भाकरीची नोंद पुस्तकाच्या आधी होती. दुर्गम भागासाठीच्या कोणत्याही शैक्षणिक सहकार्याला हाच प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे की, गाव आणि वर्ग यांमधील अंतराचा खर्च कोण उचलतो? उत्तर ‘विद्यार्थ्याचे कुटुंब’ असे असेल, तर सहकार्याचा परिणाम अद्याप त्याच्या गावापर्यंत पोहोचलेला नाही, असेच म्हणावे लागेल.