कातळाशिवायचे किल्ले

'केर्न' खेळत होतो त्याच दिवसांत 'इंडस'मध्येही पुन्हा डोकावलो, आणि बरीच वर्षं डोक्यात घोळणारी तक्रार आता लिहून मोकळं व्हावं असं वाटलं.

'केर्न' फ्रान्समधल्या 'द गेम बेकर्स' या लहानशा स्टुडिओचा. आवा नावाची एक गिर्यारोहक एक डोंगर चढते, एवढीच त्याची गोष्ट. 'इंडस' आपल्या पुण्याच्या 'सुपरगेमिंग'चा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, पण भारताचा स्वतःचा बॅटल रोयाल म्हणून त्याआधी दोनेक वर्षं गाजत होता. 'केर्न'मध्ये ओळखीचं देऊळ नाही, ओळखीचं नाव नाही, तरी खेळताना वेल्ह्याचे डोंगर पायाखाली आल्यासारखे वाटले. 'इंडस'मध्ये नावं आपली, वेश आपले, नकाशाचं नाव 'विरलोक'. आणि तिथे उतरल्यावर पायाखाली काय आहे याची एकदाही दखल घ्यावी लागली नाही. बंदूक शोधा, आडोसा शोधा, आकसत्या वर्तुळात राहा. कॉस्मियम नावाची वस्तू ताब्यात घेऊन जिंकायची एक नवी वाट त्यात आहे, ती चांगली आहे. बाकी सगळं आम्ही 'पबजी'च्या एरांगेल बेटावर केलेलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी'वर बंदी आली, २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार 'बीजीएमआय' आला, आणि भोरच्या एसटी स्टँडवर मान खाली घालून बसलेली पोरं आजही तेच करताहेत.

माझी कसोटी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं भांडण समजेल. खेळातली जमीन मला अडवते का? तिच्यामुळे मला बेत बदलावा लागतो का? तसं नसेल तर तो डोंगर नव्हे, मागे टांगलेला पडदा आहे. ग्राफिक्स, कथा, अभिनय, पार्श्वसंगीत यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. ते काम त्यांनी करावं.

या कसोटीवर पुष्कळ मोठी नावं लगेच बाहेर पडतात. 'असॅसिन्स क्रीड'मध्ये मनोरा चढायचा म्हणजे कंट्रोलरची काठी पुढे ढकलून धरायची. जेरुसलेम असो की २०१६ च्या भागातला शीख साम्राज्याचा काळ, दगड सगळीकडे सारखाच आज्ञाधारक. 'फार क्राय ४'चा हिमालय हेलिकॉप्टरमधून बघायचा. 'गॉड ऑफ वॉर' सुंदर आहे आणि माझ्या विषयाबाहेर आहे. 'फौजी'ने गलवानची खडी थंड जमीन घेतली आणि तिथे हाणामारीची सरळ गल्ली बांधली. रमी आणि फँटसी क्रिकेटला मी गेम मानलंच नव्हतं. २०२५ च्या कायद्याने पैशांचे खेळ बंद केले तेव्हा मला काहीच गमावल्यासारखं वाटलं नाही.

आता जे मला आवडतं त्याकडे. 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) मध्ये दिसेल तो कडा चढता येतो, पण दमाचं एक हिरवं वर्तुळ असतं, ते संपलं की हात सुटतो. पाऊस आला की पकड घसरते, कमावलेली चार हात उंची जाते. मग एखाद्या आडोशाला शेकोटी पेटवून उघडीप होईपर्यंत बसायचं. जगभरच्या खेळाडूंनी या पावसाला शिव्या घातल्या. मला तो त्या खेळातला सर्वांत खरा भाग वाटतो. आषाढात वेल्ह्यातून तोरण्याची सोंड चढलेल्या कुणालाही विचारा. तीच वाट, तेच टप्पे, पण शेवाळलेल्या कातळावर पाऊल टाकण्याआधी दोनदा बघावं लागतं, आणि धुक्यात पुढचं रेलिंग दिसेपर्यंत थांबावं लागतं. १,४०३ मीटर उंचीचा हा गड उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसराच असतो. 'झेल्डा' करणाऱ्यांना पाऊस हा नियम आहे हे उमगलं. आपल्याकडच्या गेममध्ये पाऊस अजून ट्रेलरमध्येच पडतो.

२०२३ च्या 'जुसांत'ने एक पाऊल पुढे टाकलं: डावा ट्रिगर म्हणजे डावा हात, उजवा म्हणजे उजवा, आणि कमरेला मोजक्या लांबीचा दोर. खेळ छान, पण खोबण्या फार शहाण्या. त्या जिथे हव्यात तिथेच असतात. 'केर्न'ने तीही सोय काढून घेतली. पडद्यावर दमाची पट्टी नाही. दोन हात, दोन पाय, एकेक हलवायचा, आणि तो कुठे टेकवायचा हे तुम्ही ठरवायचं. लांबून भरवशाची दिसणारी खोबण हात पोचल्यावर कळते की बोटाचं पेरसुद्धा बसत नाही. वजन चुकीच्या पायावर पडलं की आवाची पोटरी थरथरायला लागते, श्वास तुटक होतो, आणि तो ऐकूनच तुम्हाला उमजायचं की वेळ थोडा उरला आहे. मेखा मोजक्या, ठोकताना वेळ चुकली तर मेख वाया. रात्री तंबूत बसून बोटांना पट्टी बांधायची. सह्याद्रीत कातळारोहण शिकवताना पहिल्या दिवशी सांगतात की तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. हा नियम 'केर्न' कुठेही लिहून दाखवत नाही. दोनतीनदा पडलात की तो अंगात येतो.

पण माझा सर्वांत लाडका खेळ हिदेओ कोजिमाचा 'डेथ स्ट्रँडिंग' (२०१९). त्याची कथा मला अर्धीअधिक पटत नाही आणि तिच्यावर शब्द खर्च करायची इच्छाही नाही. त्यातलं चालणं मात्र आजवर कुणी केलं नव्हतं. पाठीवर ओझं रचायचं. जितकं उंच रचाल तितका तोल वाईट. उतारावर वेग वाढला की शरीर एका बाजूला ओढलं जातं, मग दोन्ही ट्रिगर दाबून सावरायचं. ओढ्याला पाणी किती हे आधी बघायचं. बूट झिजतात. पाठीवरचं सामान पावसाने खराब होतं. पुष्कळांनी याला कुरियरवाल्याचं काम म्हणून हिणवलं. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी आणली आहे, त्यांना हा खेळ कुणी समजावून द्यायला नको. रायरेश्वराच्या पठारावर जंगम कुटुंबं राहतात, शेती करतात. वर जायला लोखंडी शिडी आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर सुटा केला, त्याचे भाग अंगावर घेऊन वर चढवले आणि पठारावर पुन्हा जोडला. भोर तालुक्यातली ही हकिगत मी वाचली तेव्हा मला सर्वांत आधी हा जपानी खेळच आठवला. 'डेथ स्ट्रँडिंग'मध्ये दुसऱ्या अनोळखी खेळाडूने ओढ्यावर टाकलेली शिडी तुमच्या नकाशात दिसते, तुम्ही ती वापरता, आपलीही एक मागे ठेवता. डोंगरातल्या वाटा अशाच तयार होतात. २०२५ चा दुसरा भाग जास्त देखणा आणि जास्त सोपा आहे. गाडी लवकर मिळते, आणि गाडी मिळाली की डोंगर हरतो.

'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) चा उल्लेख टाळता येत नाही, कारण त्यात पश्चिम घाट नावाचं आख्खं प्रकरण आहे. जीप घेऊन हिंडायचं, धबधबे बघायचे, होयसळांचं हळेबीड शोधायचं. खरं हळेबीड दऱ्याखोऱ्यांत लपलेलं नाही, मैदानी मुलखात आहे. ते चालवून घेऊ. पण सह्याद्रीचा दगड त्यांना दिसलाच नाही. आपला डोंगर बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला: उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. ही रचना हाच आपल्या किल्ल्यांचा नकाशा आहे. सपाटीची माची झाली, वरच्या कड्याचा बालेकिल्ला झाला.

राजगडाची संजीवनी माची बघा (वेल्हे तालुक्याचं नावही आता राजगडच आहे). लेव्हल डिझाइनचे धडे देणारे सगळे 'डार्क सोल्स'चं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण संजीवनीच्या तटात उतरून पाहिलेल्या माणसाला त्याहून जुना धडा मिळतो. तीन टप्प्यांत उतरत गेलेली ही निमुळती माची. तट दुहेरी, आणि बुरुजाला बाहेरून दुसऱ्या बुरुजाचं चिलखत. दोन भिंतींच्या मधे बेताची जागा, तिथे उतरायला अरुंद पायऱ्या. बाहेरचा बुरूज पाडून किंवा चढून शत्रू आत आला तर तो जिंकलेला नसतो. तो त्या चिंचोळ्या फटीत सापडलेला असतो, आणि आतल्या तटावरचा माणूस त्याच्या डोक्यावर उभा असतो. संख्या निरुपयोगी, कारण फटीत एका वेळी मावणार किती? हल्ला करणाऱ्याला आपण पुढे सरकलो असं वाटावं आणि त्याच क्षणी त्याचे पर्याय संपावेत, असा नियम सतराव्या शतकात दगडात रचून ठेवला आहे. तो कुठल्याही गेममध्ये मी खेळलेलो नाही.

मराठ्यांच्या बाजूने खेळायला देणारा मोठा खेळ म्हणजे 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९). सुरुवात १७०० मध्ये. मराठी माणसाला ते साल पुरेसं आहे: राजाराम महाराजांचा सिंहगडावर मृत्यू, ताराबाईंचा कारभार, औरंगजेब स्वतः गडामागून गड घ्यायला निघालेला. आणि खेळात काय? किल्ला सपाटीवर, पायदळाची कुठलीही तुकडी तटाशी जाऊन दोर फेकते आणि वर येते. मोगलांनी मार्च १७०४ मध्ये तोरणा घेतला तोही दोराच्या शिड्यांवरूनच. पण रात्री, मोजकी माणसं चढवून. बाकीचे बहुतेक गड बादशहाला पैसे मोजून मिळाले, कारण ते चढून घेणं परवडत नव्हतं. हा इतिहासाचा तपशील म्हणून मी सांगत नाही. डोंगर चढून जाणं इतकं महाग होतं की साम्राज्याचा खजिना त्याच्यापुढे स्वस्त ठरला. यात एका उत्तम खेळाचा सगळा हिशेब आहे, आणि खेळ करणाऱ्यांनी तोच गाळला.

ते परदेशी, त्यांना माफ करता येईल. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'चा 'राजी' (२०२०) मला जास्त लागतो, कारण तो मनापासून केलेला आहे. किकस्टार्टरवर पैसे जमले नाहीत तरी त्या लोकांनी तो पूर्ण केला. पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्या, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून येणारी गोष्ट, हे सगळं प्रेमाने घडवलेलं. पण राजस्थानी वाड्यांच्या सज्जांवरून राजी उड्या मारते तेव्हा ती पडेल अशी धाकधूक मला कधी वाटली नाही. कठडा आखून दिलेला, उडी ठरलेली. ज्या शहरातून स्वच्छ दिवशी सिंहगड नजरेत येतो आणि राजगड-तोरणा एका सकाळच्या अंतरावर आहेत, तिथल्या स्टुडिओला जागा शोधताना नजर थेट राजस्थानकडे का न्यावीशी वाटली?

कौशल्य नाही असं कुणी सांगू नये. युबिसॉफ्टचा पुण्यात स्टुडिओ आहे, 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती २०२० मध्ये पुणे आणि मुंबईकडेच होती. ट्रेलर आल्यावर सगळे ग्राफिक्सवर तुटून पडले, २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. भिंतीवरून धावणाऱ्या राजपुत्राचा तो खेळ. त्यातली धाव, पकड, पडणं यांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. आपली समीक्षाच चेहऱ्याच्या पोतावर अडकलेली असेल तर खेळ करणारे दुसरं काय देणार?

पैसा नाही, हे दुसरं उत्तर. 'अ शॉर्ट हाइक' (२०१९) मुख्यतः एका माणसाने केला. ठिपक्यांचं चित्र, एक पाखरू, एक डोंगर, आणि चढायचा दम वाढवायला सोनेरी पिसं. 'गेटिंग ओव्हर इट' एकट्या बेनेट फॉडीचा. एक हातोडा आणि एक निर्दय चढण. दोन्ही साध्या यंत्रावर चालतात, दोन्हींना रेंज लागत नाही. वेल्ह्याच्या पुढे पासली-केळदकडे रेंज येते-जाते, तिथे 'बीजीएमआय' काय कामाचा? फुकट ऑनलाइन गेम हाच भारताचा बाजार, असं म्हणणाऱ्यांनी हा बाजार एकदा एसटीने फिरून बघावा.

तिसरं उत्तर मला सर्वांत खोटं वाटतं: शिवकालावर गेम केला तर वाद होतील. मग महाराजांना पात्र करू नका. त्यांच्या हाती जॉयस्टिकने तलवार चालवायची आमची मागणीच नाही. हिरकणीची कथा घ्या: अंधार, रायगडाचा कडा, खाली रडणारं मूल, आणि उतरायला वाट नाही. सबंध मराठी मुलखाला ती पाठ आहे, तिच्यावर सिनेमा झाला, आणि तिच्यातला चढउतार हाताच्या बोटांनी अनुभवायला देणारा खेळ एकाही स्टुडिओला सुचला नाही. तानाजींच्या सिंहगडाचंही तेच. फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीचं तलवारयुद्ध प्रत्येक जण रंगवतो, कडा प्रत्येक जण दोन मिनिटांत उरकतो. त्या माणसांनी खरा डाव कड्यावर मांडला होता.

मला गुंजवण्यातून चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर खलिता पोचवणारा जासूद खेळायचा आहे. भर पावसात, रेलिंग नसलेल्या काळात, पाठीवर शिधा आणि हातात काठी. कुठे थांबायचं, कुठे शिधा टाकून द्यायचा, पाणी वाढायच्या आत ओढा ओलांडायचा की वळसा घ्यायचा, हे मी ठरवेन आणि चुकलो तर पहाट चुकेल. यात एकही शत्रू मारायची गरज नाही. लागणारं इंजिन पुण्यात आहे, ते चालवणारी माणसं पुण्यात आहेत, आणि यातली पुष्कळ माणसं शनिवार-रविवारी याच वाटेने चढून वरून फोटो टाकतात. त्यांनी पुढच्या खेपेला फोटोऐवजी कुठल्या टप्प्यावर दम लागला आणि कुठे पाय सरकला याची नोंद आणावी, आणि सोमवारी ऑफिसात तेवढ्यावर काम सुरू करावं.