आत्मचरित्र आणि जबानी

रेनाल्दो आरेनास या क्यूबन लेखकाचे 'आन्तेस के आनोचेस्का', म्हणजे 'रात्र पडण्यापूर्वी', हे आत्मचरित्र मी प्रथम इंग्रजी अनुवादातून वाचले, तेव्हा समासात तीनचार ठिकाणी पेन्सिलीने 'अतिरंजित' असा शेरा मारला होता. आत्मचरित्राकडून आपण मराठी वाचक प्रथम मागतो तो प्रांजळपणा. लेखकाने आपले दोष सांगावेत, पण बेताने सांगावेत. घटनांचा मेळ बसावा. आवाज फार चढू नये. या कसोटीला हे पुस्तक उतरत नाही, असे माझे तेव्हा मत झाले. ते मत आज मला टिकाऊ वाटत नाही.

आरेनासचा जन्म १९४३ चा, पूर्व क्यूबातल्या एका खेड्यातला. घरचे दारिद्र्य असे की लहानपणी आपण माती खात होतो, असे तो सांगतो. स्वदेशात त्याची एकच कादंबरी छापली गेली, ती १९६७ मध्ये. बाकीचे लेखन चोरून परदेशी धाडावे लागले. एक कादंबरी तर हस्तलिखिते हातची गेल्यामुळे त्याने तीनदा लिहिली. पुरुषांवर प्रेम करणारा आणि कोणाचेही न ऐकणारा लेखक, हे दोन्ही गुन्हे त्याच्या खाती जमा होते. पोलिसांना चुकवून हावानाच्या एका उद्यानात लपलेला असताना, दिवस मावळण्याआधी उजेड असेल तेवढा वेळ तो लिहीत असे. पुस्तकाचे नाव तिथले आहे. पुढे न्यूयॉर्कमध्ये एड्सने ग्रासलेल्या आरेनासने तेच काम पुन्हा हाती घेतले, तेव्हा त्या नावातल्या रात्रीला दुसराच अर्थ आला. १९९० मध्ये त्याने स्वतःच जीवन संपवले. पुस्तक १९९२ मध्ये निघाले.

या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग १९८० चा आहे. त्या वर्षी क्यूबाच्या सरकारने मारिएल बंदर खुले केले आणि सुमारे सव्वा लाख माणसे अमेरिकेस गेली. 'नकोशा' माणसांना जाण्याची मुभा होती. समलिंगी पुरुष त्यांत मोडत. आरेनास पोलीस ठाण्यावर गेला. तेथे त्याला त्याच्या शरीरव्यवहाराविषयी नको ते प्रश्न विचारण्यात आले, आणि मग चालून दाखवायला सांगितले. त्याची चाल अधिकाऱ्यांच्या कल्पनेत बसली. तो 'उत्तीर्ण' झाला. पुढे पारपत्रावरील आपल्या नावातले एक अक्षर त्याने लेखणीने बदलले आणि 'आरिनास' होऊन तो बोटीवर चढला. आयुष्यभर जे लपवावे लागले ते त्या दिवशी वठवून दाखवावे लागले. आणि जे नाव लेखक म्हणून मिळवले होते, तेच लपवावे लागले.

हा प्रकार फक्त जुलमी राजवटीचा, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारात लैंगिकतेचा उल्लेखही नाही. 'विशिष्ट सामाजिक गट' या शब्दांच्या आडोशाने समलिंगी माणसाला पुढे जागा मिळाली. अमेरिकेत १९९० मध्ये अपील मंडळाने अशा एका माणसाला संरक्षण दिले. तोही क्यूबन, तोही १९८० मध्ये आलेला. १९९४ मध्ये तो निवाडा सर्वत्र लागू झाला. ब्रिटनमध्ये मात्र 'मायदेशी जाऊन गुपचूप राहा' हे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नाकारीपर्यंत चालत होते. आणि जिथे आश्रय मिळू शकत होता तिथेही प्रश्न उरला: पुरावा काय? खाजगी कृत्यांची चित्रफीत पुरावा म्हणून घेता येणार नाही, हे युरोपीय संघाच्या न्यायालयाला २०१४ मध्ये सांगावे लागले. अर्जदाराने ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितली नाही, एवढ्यावरून त्याला खोटा ठरवता येणार नाही, असेही त्याने बजावले.

हे शेवटचे वाक्य मला टीकाकार म्हणून बोचले. आश्रय मागणारा माणूस हा सक्तीने आत्मचरित्रकार झालेला असतो. टेबलापलीकडचा अधिकारी त्याच्या कथेत तारखांचा मेळ, सुसंगती आणि बेताचा स्वर शोधतो. जन्मभर मुके राहिलेल्या माणसाने पहिल्याच भेटीत अस्खलित बोलावे, अशी त्याची अपेक्षा असते. माझ्या त्या समासातल्या शेऱ्यांमागे याहून निराळे काय होते? आपण सुमारे पाच हजार पुरुषांशी संग केला, असा आरेनासचा हिशेब. तो आकडा मी हिशेबनिसासारखा तपासला. वस्तुतः तो आकडा ही एक घोषणा आहे: ज्याला एकही सुख मोजण्याचा अधिकार नव्हता त्याने केलेली मोजदाद. जबानी म्हणून ती टिकणार नाही. साहित्य म्हणून तीच टिकते.

पुस्तक निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. अमेरिकेतली प्रकरणे घाईची आहेत. जुनी वैरे तिथे वारंवार डोके वर काढतात, आणि काही सहकारी लेखकांवर केलेले वार अन्यायाचे वाटतात. पण हे दोष लेखनाचे आहेत, आणि लेखनाचे म्हणूनच ते मोजावेत. प्रांजळपणा ही चांगली कसोटी आहे. मात्र ती लावण्यापूर्वी हा माणूस कोणासमोर उभा राहून बोलतो आहे, हे पाहायला हवे. ज्याने खरे बोलून तुरुंग पाहिला, त्याच्या शब्दाला शांत स्वराची अट घालणे हे टीकाकाराचे काम नव्हे. ती अट घालणारे आधीच पुष्कळ आहेत.