हत्ती, घोडा आणि पाहणारा

ज्या ग्रंथाचीं पानें सुटीं होऊन चार घरीं जाऊन पडलीं आहेत, तो ग्रंथ एका घरीं बसून वाचून होत नाहीं. मुंबई शहर हा असाच एक ग्रंथ आहे; आणि त्याचे वाचक या नात्यानें आपण आळशी आहोंत, असें आमचें मत झालें आहे. हें मत कोणास कठोर वाटल्यास त्यांतील पहिले आरोपी आम्ही स्वतःच आहोंत, हें आरंभींच सांगून टाकतों.

शहर पाहावयास आलेल्या मनुष्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळीं अपोलो बंदरावरून बोटीनें घारापुरी, दुपारीं छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि मुलें बरोबर असल्यास राणीची बाग. संध्याकाळीं तो म्हणतो, "सगळें पाहून झालें." पाहून खरोखरच झालेलें असतें, पण या स्थळांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, ही शंकाहि त्याच्या मनाला शिवलेली नसते. आमची तक्रार एवढीच आहे. पण ती लहान नाहीं.

घारापुरीचेंच उदाहरण घ्या. या बेटावर एक प्रचंड दगडी हत्ती होता. तो पाहून पोर्तुगीजांनीं बेटाला 'एलिफंटा' हें नांव दिलें. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याचा घाट घालण्यांत आला. तेव्हां उचलतांना त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आले, १९१४ सालीं जोडले गेले, आणि आज तो हत्ती भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. म्हणजे बेटावर नांव राहिलें, आणि नांवाचा धनी बागेंत आला. गुहेंतील त्रिमूर्तीसमोर तन्मय होणाऱ्या प्रेक्षकांपैकीं किती जणांनीं हा हत्ती मुद्दाम जाऊन पाहिला असेल? आणि हत्तीजवळ मुलांना उभें करून फोटो काढणाऱ्यांपैकीं किती जणांना तें बेट आठवत असेल?

त्याच बागेंत दुसरा एक प्राणी आहे. सातवा एडवर्ड युवराज असतांनाचा त्याचा अश्वारूढ पुतळा १८७९ पासून कोटांतील एका चौकांत होता. लोकांनीं स्वाराची पर्वा केली नाहीं. त्यांनीं चौकाला घोड्याचें नांव दिलें, काळा घोडा. १९६५ सालीं पुतळा तेथून काढण्यांत आला व पुढें राणीच्या बागेंत आला. नांव मात्र जागेवरून हललें नाहीं. २०१७ सालीं त्या परिसरांत नवा काळा घोडा उभा राहिला, तो स्वारावांचून. लोकांनीं पूर्वींच दिलेल्या निकालावर केलेलें हें शिक्कामोर्तबच होय! हत्ती हलला तो साम्राज्याच्या हांवेनें. घोडा हलला तो साम्राज्य गेलें म्हणून. दोघेहि अखेर एकाच ठिकाणीं येऊन पोंचले. या शहराचा दीडशें वर्षांचा इतिहास इतक्या थोडक्यांत दुसरीकडे कोठें वाचावयास मिळेल?

परळची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. १९३१ सालीं रस्त्याच्या कामांत तेथें शिवाचें एक भव्य शिल्प सांपडलें. एकाच शिलेंत, एकांतून एक उगवत गेलेल्या सात मूर्ति. मूळ शिल्प परळच्याच बारादेवीच्या देवळांत आहे. वस्तुसंग्रहालयांत आहे ती त्याची प्लास्टरची प्रतिकृति. प्रतिकृतीपुढें उभें राहून शिल्पाची रचना निवांतपणें अभ्यासतां येते. मूळ मूर्तीपुढें लोक हात जोडतात. आम्ही कित्येक वर्षें प्रतिकृतीवरच संतुष्ट होतों. वर्गांत शिल्पकलेविषयीं बोललों, परळवरून आगगाडीनें गेलों-आलों, आणि देऊळ मात्र पन्नाशी उलटल्यावर पाहिलें. तेथें गेल्यावर ध्यानांत आलें कीं, हें शिल्प ज्या कारणासाठीं घडविलें गेलें तें कारण अजून संपलेलें नाहीं; आणि ही एक गोष्ट प्रतिकृतीवरून कळण्यासारखी नव्हती.

यावर कोणी म्हणेल कीं, मग सर्व वस्तू आपापल्या जागीं परत नेऊन ठेवा. तसें आमचें म्हणणें नाहीं. सिंधमधील मीरपूरखास येथील बौद्ध स्तूपाच्या उत्खननांत निघालेलीं भाजलेल्या मातीचीं शिल्पें याच वस्तुसंग्रहालयांत आहेत. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. १९४७ सालीं ती भूमि परदेश झाली. आपणांपैकीं बहुतेकांना त्या स्तूपाच्या जागीं उभें राहण्याचा योग येणार नाहीं. तेथें संग्रहालयाचे उपकार मानावे तेवढे थोडे. परंतु जेथें मूळ जागा तासाभराच्या प्रवासावर आहे, तेथें अर्धेंच पाहून समाधान मानणें हा केवळ आळस होय.

दोष वस्तूंचा नाहीं, संग्रहालयांचाहि फारसा नाहीं. तो पाहणाराचा आहे, आणि पाहावयास शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांचा त्याहून अधिक. वस्तूपुढें उभें राहून "हें काय आहे?" एवढें विचारावयास आम्ही विद्यार्थ्यांस शिकविलें, "हें येथें कसें आलें?" हें विचारावयास शिकविलें नाहीं. सहल न्यावयाचीच तर ती प्रथम भायखळ्यास न्यावी व मग घारापुरीस. आधीं हत्ती पाहावा, आणि मग त्याच्यावांचून राहिलेलें बेट. येत्या हिंवाळ्यांत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना याच क्रमानें नेणार आहोंत.