‘दलाली कोण देतो?’ : एका तडजोडनाम्यातील कर्तृत्वविचार

अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या दलालसंघाने घरविक्रेत्यांच्या सामुदायिक दाव्यात केलेली तडजोड १५ मार्च २०२४ रोजी जाहीर झाली. तिचा विचार सामान्यतः कायद्याच्या व अर्थशास्त्राच्या अंगाने केला जातो. परंतु या प्रकरणाचे मूळ एका क्रियापदात आहे. ‘दलाली विक्रेता देतो’ हे त्या व्यवसायातील रूढ वाक्य होय. त्यातील ‘देणे’ या क्रियेचा कर्ता कोण, या प्रश्नाच्या उत्तरावरच दाद मागण्याचा अधिकार अवलंबून राहिला.

दलालांच्या सामायिक विक्रीयादीत घर नोंदवावयाचे तर खरेदीदाराच्या दलालास मिळावयाचा मोबदला विक्रेत्याच्या दलालाने आधीच देऊ करावा, असा संघाचा नियम होता. घराची किंमत खरेदीदार मोजी आणि तीतूनच दोन्ही दलालांचे वाटे निघत. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटी येथील ज्यूरीने या व्यवस्थेत संगनमत असल्याचा निर्णय देऊन विक्रेत्यांची भरपाई सुमारे १७८ कोटी डॉलर ठरविली. पुढे संघाने दोष मान्य न करता ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले.

पाणिनीने स्वातंत्र्य हे कर्त्याचे लक्षण मानले आहे. या कसोटीवर विक्रेत्याचे कर्तृत्व संशयास्पद ठरते. कारण नियमाने बांधलेला दाता स्वतंत्र नव्हे, आणि वादींचे गाऱ्हाणेही हेच होते. उलट खरेदीदार हा या व्यवहारातील अपादान होय. पैसा निघतो त्याच्यापासून. पण वाक्यात त्याचा उल्लेखच नसतो.

या अनुल्लेखाचे परिणाम केवळ व्याकरणापुरते राहत नाहीत. इलिनॉय राज्याने बांधकामातील काँक्रीटच्या विटांच्या वाढीव किमतीबद्दल लावलेल्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली असे ठरविले की, संघराज्याच्या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली नुकसानभरपाई सामान्यतः प्रत्यक्ष खरेदीदारासच मागता येते. मध्यस्थांमार्फत ज्याच्यावर भार येतो त्यास नाही. घरखरेदीदारांनी २०२१ साली शिकागो येथे लावलेला दावा २०२२ साली याच न्यायाने फेटाळला गेला व त्यांना राज्यांच्या कायद्यांचा आधार घेऊन तो सुधारून मांडावा लागला. विटा विकत घेणारा दूरचा, आणि घर विकत घेणाराही दूरचाच!

तडजोडनाम्याचे गुण नाकारता येणार नाहीत. १७ ऑगस्ट २०२४ पासून सामायिक यादीतून मोबदल्याचा प्रस्ताव वगळण्यात आला, आणि घर दाखविण्यापूर्वी खरेदीदाराशी लेखी करार करून त्यात मोबदला निश्चितपणे नमूद करणे दलालावर बंधनकारक झाले. कोणाकडूनही मोबदला मिळणार असेल, तर आपली सेवा विनामूल्य आहे असे दलालास म्हणता येत नाही. भाषेच्या दृष्टीने हे शेवटचे कलम सर्वांत मोलाचे आहे. ‘विनामूल्य’ या शब्दाने जो लपविला जात होता तो दाता त्यामुळे निदान सूचित तरी होतो.

तथापि भरपाईचे कलम जुन्याच वाक्याला चिकटून आहे. ज्याने घर विकले व दलाली दिली तोच त्याच्या वर्गात बसतो. एकच व्यक्ती आधी विक्रेता व नंतर खरेदीदार असेल, तर तिने यात कोणता हक्क सोडला, असा आक्षेप मान्यतेच्या वेळी घेण्यात आला. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तडजोडीस अंतिम मान्यता दिली. दाव्यात पक्षकार नसलेल्यांना तडजोडनाम्याने भरपाई कशी द्यावी, असे यावर कोणी विचारील. हा युक्तिवाद रास्त आहे, आणि म्हणून दोष मसुदा लिहिणाऱ्यांपेक्षा १९७७ च्या निर्णयाचा अधिक म्हणावा लागेल. पण त्यामुळे मसुद्यातील विसंगती मिटत नाही. आचारनियम लिहिताना तो खरेदीदाराला मोबदला ठरविणारा पक्ष मानतो. भरपाई वाटताना त्याला ओळखत नाही. एकाच लेखात एका व्यक्तीचे कारक असे बदलत असेल, तर तो लेख पुढील व्यवहार सुधारू शकेल. मागील व्यवहाराचा पुरता हिशेब मात्र त्याने केला असे म्हणता येणार नाही.