सुई कुठे टोचली याने फरक पडतो का?

नवे वाण कसे पारखायचे हे जालना जिल्ह्यात कुणाला शिकवावे लागत नाही. १९६४ साली बदरीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ स्थापन केली, आणि जालन्याची ओळख बियाण्यांचे गाव अशी झाली. नव्या वाणाची परीक्षा घ्यायची तर शेजारी जुन्या वाणाचा पट्टा पेरतात. दोन्हींना माती तीच, पाणी तेच, खत तेच. ‘नवे बियाणे पेरले आणि पीक जोमदार आले’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. त्या वर्षी पाऊसही चांगला झालेला असू शकतो. हीच साधी कसोटी आपण ॲक्युपंक्चरला लावून पाहू.

ॲक्युपंक्चरचे नाव आपल्याकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याशी जोडले जाते. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ते घराघरांत पोहोचले. पण कोटणीस होते शल्यचिकित्सक. युद्धातील जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. ॲक्युपंक्चर भारतात आणले ते त्याच पथकातील डॉ. बी. के. बसू यांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. कोटणीसांचा त्याग थोर आहे, पण तो या उपचाराचा पुरावा नव्हे. कायद्याने मिळालेली मान्यताही पुरावा नव्हे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. कायदा उपचार कोणी करावा हे ठरवू शकतो. उपचाराने गुण येतो की नाही, हे ठरवू शकत नाही.

परंपरागत चिनी वैद्यकाच्या मते शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. तिचा प्रवाह अडला की आजार होतो आणि मार्गावरील नेमक्या बिंदूत सुई टोचली की तो मोकळा होतो. शवविच्छेदनात शिरा, धमन्या, मज्जातंतू सापडतात. हे मार्ग सापडत नाहीत. तरीही उपपत्ती चुकीची म्हणून उपचार निरुपयोगी, असा निष्कर्ष घाईने काढू नये. विचारायचे ते एवढेच, की सुई ‘नेमक्या’ बिंदूऐवजी भलतीकडेच टोचली तर काय होते?

जर्मनीत हे करून पाहिले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुन्या कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. एका गटाला परंपरेनुसार सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला बिंदू सोडून इतरत्र, वरवर टोचल्या. तिसऱ्याला औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी ठरलेल्या निकषानुसार सुधारणा दिसली ती अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के रुग्णांत.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. सुया टोचून घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त आराम वाटला, हे खरे. पण बिंदू बरोबर की चूक, याने जवळजवळ काही बिघडले नाही. मग आराम आला कुठून? अपेक्षा, उपचारकाने दिलेला वेळ, स्पर्श, सुईची टोचणी या सगळ्यांचा त्यात वाटा असू शकतो. पुढे २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतील सुमारे २०,८०० रुग्णांची माहिती एकत्र अभ्यासली गेली. तीत जुनाट दुखण्यांवर खऱ्या टोचणीची सरशी दिसली, पण ती लहान होती.

म्हणजे काही दुखण्यांपुरता आधार आहे. त्यावरून ‘रोज अमुक बिंदू दाबा, मधुमेह, रक्तदाब, दमा दूर ठेवा’ इथवर उडी मारणे हा मात्र सरळसरळ अतिरेक आहे. ‘शक्तीचा समतोल राहतो’ हे विधान तर तपासताच येत नाही, कारण समतोल बिघडला हे मोजायचे कशाने? ॲक्युप्रेशरचा लाकडी रूळ तळपायाखाली फिरवून बरे वाटत असेल तर जरूर फिरवावा. पण त्याच्या भरवशावर इन्शुलिन बंद केले तर जिवावर बेतू शकते. सुईचेही धोके आहेत. ती निर्जंतुक नसेल तर रक्तातून कावीळ पसरू शकते आणि छातीत खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

चिनी परंपरेचा आदर कसा करावा, हे एका चिनी बाईंनीच दाखवून दिले. हिवतापावर औषध शोधताना तू यूयू यांनी चौथ्या शतकातील ग्रंथात एका वनस्पतीचा थंड पाण्यातील काढा वाचला. उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे असे त्यांना वाटले. त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला, आधी प्राण्यांवर, मग स्वतःवर आणि नंतर रुग्णांवर तपासला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल. ग्रंथाने त्यांना सुचवले. खरे-खोटे चाचणीने ठरवले.

तेव्हा वर्गात कुणी विचारले, ‘सर, माझ्या आजीचा गुडघा सुयांनी बरा झाला, मग ते खोटे कसे?’ तर मुलाला गप्प करू नका. आजीचा आराम खराच आहे. त्याला एवढेच विचारा: शेजारी दुसरा पट्टा पेरला होता का?