फर्मवेअरचा वाद : व्याख्येच्या अंगाने एक परीक्षण

मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात फर्मवेअरविषयी जो वाद गेली दोन दशके चालू आहे, तो वरवर पाहता यंत्रज्ञांचा वाद आहे. त्यातील मूळ कागदपत्रे वाचू लागले म्हणजे मात्र तो बव्हंशी शब्दांच्या मर्यादांचा वाद आहे असे दिसून येते. आज्ञावली कशास म्हणावे, एखाद्या व्यवस्थेचा 'भाग' कशास म्हणावे, आणि 'मुक्त' हे विशेषण नेमक्या कोणत्या नामास लावावे, या प्रश्नांवर त्यातील बहुतेक मतभेद उभे आहेत. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालावयाचे ते याच आधारावर. शिवाय मराठी भाषकांनी संगणकावर आपली लिपी आणताना या प्रश्नाचे एक रूप पूर्वीच अनुभविले आहे. त्या अनुभवाची साक्ष या वादात कोणी काढलेली नाही, ती काढण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम संज्ञेविषयी. 'फर्मवेअर' हा शब्द १९६७ साली ॲशर ऑप्लर यांनी 'डेटामेशन' या नियतकालिकात योजिला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधली एक पायरी त्यांना दाखवावयाची होती, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती प्रोसेसरच्या पोटातील, पण बदलता येण्याजोगी, सूक्ष्म आज्ञावली. म्हणजे शब्द जन्मला तेव्हा बदलाची शक्यता त्याच्या अर्थात समाविष्ट होती. पुढे तो 'यंत्रात कायमची कोरलेली आज्ञावली' या अर्थाकडे झुकला, आणि आज पुन्हा उलट दिशेस आला आहे. आजच्या लॅपटॉपमधील वाय-फायच्या भागास, ग्राफिक्स कार्डास स्वतःचा लहान प्रोसेसर असतो व त्यावर स्वतंत्र आज्ञावली चालते. काही उपकरणांत ती त्यांच्याच चिपमध्ये साठविलेली असते. काही उपकरणे मात्र वीज आली तरी रितीच असतात, आणि ऑपरेटिंग सिस्टिमने आपल्याजवळील फाइल प्रत्येक वेळी त्यांच्या हाती द्यावी लागते. ही फाइल उत्पादक केवळ यंत्रसंहितेच्या रूपात देतो. मूळ संहिता देत नाही, बदलण्याची अनुज्ञाही बहुधा देत नाही. मुक्त म्हणविणाऱ्या प्रणालीने अशी फाइल जवळ बाळगावी काय, हा वादाचा प्रश्न.

डेबियन या प्रणालीच्या सामाजिक करारात या वादाचे सर्वांत बोलके प्रकरण आहे. हा करार १९९७ सालचा. त्याच्या पहिल्या कलमात डेबियन हे पूर्णतः मुक्त सॉफ्टवेअर राहील असे वचन होते. २००४ साली 'संपादकीय दुरुस्त्या' या निरुपद्रवी नावाखाली एक ठराव संमत झाला आणि त्या वाक्यातील 'सॉफ्टवेअर' हे नाम गळाले. डेबियन पूर्णतः मुक्त राहील, एवढेच उरले. नाम गेले की विशेषणाची व्याप्ती वाढते, हे व्याकरणाच्या कोणाही विद्यार्थ्यास सांगावे लागू नये. तोवर फर्मवेअर म्हणजे सॉफ्टवेअर नव्हेच, तो उपकरणाचा विदा आहे, अशी पळवाट शिल्लक होती. ती एका नामाबरोबर बंद झाली. पुढील आवृत्ती अडून राहू नये म्हणून त्याच वर्षी दुसरा ठराव करून दुरुस्तीचा अंमल लांबणीवर टाकावा लागला. २००६ व २००८ मध्ये पुन्हा मतदान झाले व पुन्हा सवलत मिळाली. अखेर फेब्रुवारी २०११ च्या सहाव्या आवृत्तीत कर्नलमधील अमुक्त फर्मवेअर काढून वेगळ्या विभागात नेण्यात आले. एका गाळलेल्या शब्दाची अंमलबजावणी करण्यास सात वर्षे लागली. संपादकीय दुरुस्ती म्हणतात ती इतकी महाग क्वचितच पडते.

यापुढे जे झाले ते अधिक चमत्कारिक होते. प्रणाली बसविण्याच्या प्रतीचे दोन प्रकार झाले : फर्मवेअर नसलेली अधिकृत प्रत, आणि फर्मवेअर असलेली 'अनधिकृत' प्रत. दोन्ही डेबियनच्याच स्वयंसेवकांनी सिद्ध केलेल्या. जी प्रत पुढे मांडलेली होती ती पुष्कळ लॅपटॉपांवर वाय-फाय चालवू शकत नसे, आणि जी चालवू शके ती शोधूनच काढावी लागे. पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळेत, जेथे तारेचे जाळे भिंतीतच आहे, तेथे याची अडचण जाणवत नाही. महागावसारख्या तालुक्याच्या गावी, वऱ्हाडी व बंजारा बोलींच्या नोंदी घेण्यासाठी जुना लॅपटॉप सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्यास ती पहिल्याच पायरीवर जाणवते. वाय-फाय चालविण्यास फाइल हवी, आणि फाइल उतरवून घेण्यास वाय-फाय हवे. मोबाइल तारेने जोडून मार्ग निघतो हे खरे, परंतु ती युक्ती ज्यास ठाऊक असते त्यास मुळात मार्गदर्शनाची गरज नसते. असा विद्यार्थी मुक्त प्रणालीपासून दूर गेला, तर तत्त्वाचे रक्षण झाले असे समजावयाचे काय?

२०२२ साली डेबियनच्या सभासदांनी हा पेच सोडविला. मूळ करार बदलावयाचा तर तिप्पट मताधिक्य लागते. ते मिळाले, आणि पाचव्या कलमात एक वाक्य वाढविण्यात आले. त्याचा आशय असा की, ज्या हार्डवेअरला गरज आहे त्यासाठी, एरवी डेबियन व्यवस्थेचा भाग नसलेले फर्मवेअर अधिकृत माध्यमांवर असू शकेल. जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तसे घडलेही. प्रस्तुत लेखकास हा निर्णय योग्य वाटतो, मात्र वाक्य योग्य वाटत नाही. जे अधिकृत प्रतीवर आहे, जे आपोआप ओळखले व बसविले जाते, ते व्यवस्थेचा भाग नाही असे म्हणणे म्हणजे शब्दास चिकटून येणारा प्रत्यय शब्दाचा भाग नाही असे म्हणण्यासारखे आहे. तसे म्हणता येतेही, पण त्यासाठी कसोटी सांगावी लागते. करारात कसोटी नाही.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका याहून कडक आहे, आणि तिच्यात कसोटी आहे. संस्था ज्या प्रणालींची शिफारस करते त्यांत अमुक्त फर्मवेअरच्या फाइली चालत नाहीत. परंतु उपकरणांना ती जे प्रमाणपत्र देते, त्यात दुय्यम प्रोसेसरमध्ये कायमच्या बसविलेल्या व उपयोजकाने बदलू नयेत अशा आज्ञावलींना सूट आहे. कारण असे की, जी आज्ञावली उत्पादकासही बदलता येत नाही ती विद्युत्मंडलासारखीच झाली. तेथे उत्पादक व उपयोजक समान दुर्बळ आहेत, कोणाची कोणावर सत्ता नाही. युक्तिवाद सुसंगत आहे. ज्या चळवळीचा उगम १९८० च्या सुमारास एमआयटीतील झेरॉक्सच्या लेसर प्रिंटरची मूळ संहिता नाकारली गेल्याच्या प्रसंगाशी जोडला जातो, तिने सत्तेचा प्रश्न विसरू नये हे स्वाभाविकच होय. तथापि आज खरोखर अपरिवर्तनीय अशी चिप विरळा. बहुतेक ठिकाणी फ्लॅश स्मृती असते व उत्पादक तीत हवे तेव्हा बदल करू शकतो. अशा स्थितीत कसोटी 'कोण बदलू शकतो' ही न राहता 'आज्ञावली कोठे ठेवली आहे' ही होऊन बसते. तीच संहिता चिपमध्ये असली तर क्षम्य, फाइलीत असली तर त्याज्य.

भाषाशास्त्रात एखाद्या घटकाचे स्वरूप ठरविताना आपण त्याच्या जागी दुसरा घटक ठेवून पाहतो. ही प्रतिस्थापनाची कसोटी येथे लावून पाहावी. फाइलीच्या रूपाने येणाऱ्या फर्मवेअरला व्यवस्थेत एक जागा असते, आणि त्या जागेवर दुसरे काही ठेवता येते. ॲथेरॉसच्या एआर ९२७१ या यूएसबी वाय-फाय चिपला प्रत्येक वेळी फाइल द्यावी लागे. २०१३ साली तिच्या फर्मवेअरची मूळ संहिता मुक्त झाली आणि उपयोजक ते स्वतः बांधून त्याच जागी ठेवू लागले. तिच्यावर आधारलेल्या उपकरणास फाउंडेशनचे प्रमाणपत्रही मिळाले. हीच आज्ञावली चिपमध्ये कोरलेली असती तर जागाच नसती. उलट टोकास एनव्हिडियाची २०१४ नंतरची ग्राफिक्स कार्डे पाहावीत. तेथे जागा आहे, फाइलही बाहेरून येते, पण उत्पादकाच्या अंकीय सहीवाचून कार्ड ती स्वीकारीत नाही. नूव्हो या मुक्त ड्रायव्हरचे काम त्यामुळे अनेक वर्षे कुंठित झाले. बंद संहिता आणि कुलूपबंद जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक घातक आहे. वादात हा भेद पुरेसा मांडला जात नाही. ओपनबीएसडीच्या मंडळींनी मात्र त्याच्या जवळपास जाणारी वाट धरली. ड्रायव्हर बंद असेल तर नको. फर्मवेअर उपकरणावर चालते, तेव्हा ते वाटण्याची अनुज्ञा आणि उपकरणाची माहिती द्या, एवढी त्यांची मागणी असे.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर व मेल्टडाउन हे प्रोसेसरांतील दोष प्रकट झाले, तेव्हा स्थानावरून ठरविलेल्या कसोटीचे वैगुण्य उघड झाले. काही दोषांवरील उपायास प्रोसेसरची नवी सूक्ष्म आज्ञावली लागे. ती अमुक्त, म्हणून फाउंडेशनमान्य प्रणालींनी ती दिली नाही. पण जुनी सूक्ष्म आज्ञावली, तितकीच अमुक्त, प्रोसेसरमध्ये चालूच होती. नकाराने मुक्ती वाढली नाही, जुना दोष तेवढा राहिला.

आता मराठीकडे वळू. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले, आणि जिस्ट कार्ड संगणकात बसवून डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. जोडाक्षर कसे जुळवावे, वेलांटी कोठे लावावी, हे ज्ञान त्या कार्डावर होते. आजच्या भाषेत तेही फर्मवेअरच, आणि उपयोजकास बंद. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत, 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत मराठी जो अर्थभेद करते तो केवळ रकाराच्या रूपावर उभा आहे. ते रूप पडद्यावर उमटावे की नाही हे बाहेरच्या कोणा व्याकरणकाराच्या हाती नव्हते. परंतु हे कार्ड मजकूर ज्या संकेतात साठवी तो इस्की हा संकेत भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ : १९९१ म्हणून प्रसिद्ध केला होता. ऱ्य चा वेगळा रकारही त्यात नोंदलेला होता, आणि युनिकोडने तो त्याला अनुसरूनच घेतला. परिणामी कार्ड गेले तरी मजकूर गेला नाही. इस्कीतील लेखन आज सरळ युनिकोडमध्ये आणता येते. कार्डाची जागा दुसऱ्या आज्ञावलींनी घेतली, पुढे तर मूळ संहितेसह मिळणाऱ्या लोहितसारख्या मुक्त फॉन्टांनीही.

याच काळात दुसरी वाट होती ती खाजगी फॉन्टसंकेतांची. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा प्रत्येक कुळात अक्षरांच्या तुकड्यांना स्वतंत्र क्रमांक. ह्रस्व इकार व्यंजनाआधी लिहिलेला, रफार अक्षर संपल्यावर. फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा. विदर्भातील किती प्रबंध, किती नियतकालिकांच्या फाइली या अवस्थेत पडून असतील याचा अंदाज प्रत्येक विभागास आपल्या कपाटावरून करता येईल. रूपांतरके आहेत, पण ती फॉन्टांतील एकेक तुकडा ताडून रचावी लागली, आणि जोडाक्षरांत ती अजून ठेचाळतात. कार्ड व फॉन्ट यांपैकी कोणाचीच अंतर्गत संहिता उपयोजकाच्या हाती नव्हती. फरक होता तो सीमारेषेवरील संकेत प्रसिद्ध असण्यानसण्याचा, म्हणजेच त्या जागी दुसरे काही ठेवता येण्यानयेण्याचा.

या दृष्टीने पाहता, मुक्त ड्रायव्हर आणि त्याच्या पलीकडील बंद पण सहीवाचून बदलता येणारी फाइल ही स्थिती इस्की आणि जिस्ट कार्डासारखी आहे. ती समाधानकारक नाही, सुधारता येण्यासारखी आहे. सहीचे कुलूप असलेले उपकरण खाजगी फॉन्टसंकेताच्या बाजूस पडते. डेबियनने नवा विभाग करताना हा भेद नोंदविला असता तर बरे झाले असते. तेथे दोन्ही प्रकार एकाच 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नावाखाली येतात. फर्मवेअर नको असल्यास ते नाकारण्याची सोय आरंभीच्या आज्ञेत आहे, पण ती ज्यास माहीत त्यासच सापडते.

विभागाच्या या नावाचे मराठी काय करावे, हाही एक प्रश्न आहे. 'फ्री' म्हणजे फुकट हा अर्थ आपल्याकडे इतका रूढ आहे की, विद्यार्थी 'नॉन-फ्री' वाचून पैसे भरावे लागतील असे समजतो. वस्तुतः या फाइलींस एक पैसाही पडत नाही. 'अमुक्त' हा शब्द थोडा कर्णकटू आहे, पण फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द मराठीजवळ असताना भाषांतरात ते एक करण्याचे कारण दिसत नाही.