आहत नाण्यांचें तोलन व कालनिर्णय : कोसंबीकृत गणितपद्धतीचें परीक्षण

आहत नाणीं संग्रहीं बाळगणाऱ्या वाचकांची दृष्टि प्रथम जाते ती छापांवर : सूर्य, षडरचक्र, कमानींचा डोंगर, त्यावरील चंद्रकोर. नाणें तोललें तर तें खरें कीं खोटें एवढें पाहण्यापुरतें. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनीं उलट मार्ग धरला. गोमंतकांत जन्मलेल्या या गणितज्ञानें, पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत अध्यापन करीत असतां, तराजूलाच साक्षीस बोलाविलें. १९४० पासून प्रसिद्ध झालेले त्यांचे या विषयावरील लेख १९८१ सालीं ‘इंडियन न्युमिस्मॅटिक्स’ या ग्रंथांत एकत्र छापले गेले. मगधाच्या राजांचा अनुक्रम सांगतांना ‘हें गणितानें सिद्ध आहे’ असें म्हणून वाद मिटविण्याची प्रवृत्ति आम्हांस अधूनमधून आढळते. म्हणून त्या गणितानें नेमकें काय सिद्ध होतें, हें पाहणें अगत्याचें झालें आहे.

कोसंबींची कल्पना अशी. कार्षापणाचें प्रमाण ३२ रक्तिका, म्हणजे सुमारें साडेतीन ग्रॅम. टांकसाळींतून निघतांनाच सर्व नाणीं काट्यावर समान उतरत नाहींत. प्रमाणाच्या आसपास थोडीं विखुरलेलीं असतात. पुढें तें नाणें हातोहात फिरतें व प्रत्येक वेळीं त्याचा अत्यल्प अंश झिजतो. ही झीज कधीं कमी, कधीं अधिक. एका वेळेच्या झिजेचा दुसरीशीं संबंध नाहीं. अशा असंख्य घर्षणांची बेरीज झाली कीं दोन नियम हातीं येतात. सरासरी वजन काळाच्या प्रमाणांत उतरतें, आणि विचलनाचा वर्ग काळाच्याच प्रमाणांत वाढतो. जुनें नाणें हलकें तर असतेंच, पण एका वयाचीं जुनीं नाणीं परस्परांपासून अधिक भिन्नही होतात.

हें गणित नाणकशास्त्राचें स्वतःचें नव्हे. पॅरिसच्या रोखेबाजारांतील भावांची चढउतार मोजण्यासाठीं लुई बाशेलिये यांनीं १९०० सालच्या आपल्या प्रबंधांत, व पाण्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या गतीसाठीं आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं, याच जातीचा विचार मांडला होता. भेद एवढाच कीं कण व भाव दोन्ही बाजूंस सरकतात; नाणें गमावतें, कमावीत नाहीं. व्याकरणांत एकच सूत्र अनेक धातूंस लागूं पडतें, तसाच हा प्रकार. आणि तेथल्याप्रमाणेंच येथेंही अपवाद कोठें आहेत हें पाहिल्यावांचून सूत्र चालवूं नये.

कोसंबींनीं हें सूत्र प्रथम चालू नाण्यांवर पडताळलें. त्यांवर साल छापलेलें असल्यानें वय ठाऊक असतें. तीं तोलतां दोन्ही नियम खरे ठरले. ही पायरी त्यांनीं गाळली नाहीं, याचें श्रेय मोठें आहे. मग ते तक्षशिलेकडे वळले. तेथील भीड टेकाडांत १९२४ सालीं सांपडलेल्या निधींत हजारांवर आहत नाणीं होतीं. सोबत अलेक्झांडरचीं दोन व फिलिप अऱ्हिडेयसचें एक, अगदीं कोरीं. त्यामुळें निधि इ. स. पू. ३१७ च्या सुमारास पुरला गेला असें मानतात. वॉल्श यांनीं १९३९ च्या आपल्या ग्रंथांत नाण्यांचीं वजनें दिलीं होतीं, म्हणूनच पुढचें काम शक्य झालें. मागील बाजूवर बारीक ठशांची संख्या जितकी अधिक, तितकें सरासरी वजन कमी, आणि तेंही जवळजवळ सरळ रेषेंत! ज्या ठशांस पूर्वीचे अभ्यासक किरकोळ समजत, ते नाण्याच्या वयाचे साक्षी ठरले. हा शोध आम्ही निर्विवाद मानतों.

तथापि रेषेवरून जुनें कोणतें व नवें कोणतें एवढेंच कळतें. वर्षें कळत नाहींत. त्यासाठीं दोन ठशांमधील अंतर ठराविक होतें असें गृहीत धरावें लागतें. कौटिलीय अर्थशास्त्रांत रूपदर्शक नांवाचा नाणेंपरीक्षक आहे खरा, परंतु अमुक वर्षांनीं ठसा मारावा असा नियम त्याच्या कर्तव्यांत आढळत नाहीं.

दुसरा आक्षेप आमच्या मतें याहून गंभीर आहे. निधि म्हणजे बाजारांतून डोळे मिटून उचललेली मूठ नव्हे. धन पुरणारा मनुष्य भारी नाणें ठेवतो व हलकें खर्चून टाकतो. त्यामुळें अतिशय झिजलेलीं नाणीं निधींत येतच नाहींत, आणि सरासरी झीज व विचलन दोन्ही खऱ्याहून कमी दिसतात. मातीतील क्षारांचें तसें नाहीं. एकाच भांड्यांतील नाण्यांवर त्यांचा परिणाम साधारण सारखा धरतां येतो. पण दोन निधींची तुलना करूं लागलों कीं तोही प्रश्न उभा राहतो. तक्षशिलेच्याच १९१२ सालच्या निधींत, ज्यांत डायोडोटसचें सुवर्णनाणें होतें, विचलन मोठें आहे. पण त्यांतील चांदींत तांब्याची भेसळ अधिक आहे. मग हें विचलन टांकसाळीच्या हयगयीचें किती व काळाचें किती, हें केवळ तराजू सांगणार नाहीं.

राजांच्या नांवांचा भाग तर सर्वस्वीं निराळा. दर्शनी छापांच्या गटांस शिशुनाग, नंद, मौर्य अशीं नांवें देतांना कोसंबी पुराणांच्या वंशावळींचा आधार घेतात. तो आधार कमी-अधिक बळकट असेल, परंतु त्याचें बळ पुराणांचें आहे, गणिताचें नव्हे. गुप्त व हार्डेकर यांनीं नाशिकच्या संस्थेतर्फे १९८५ सालीं प्रसिद्ध केलेली वर्गवारी छापांच्या अभ्यासावर उभी आहे. दोन्ही शेजारीं ठेवून वाचावीं.

पोथीसंग्राहकांस येथें एक मोह होईल : नाण्याच्या झिजेप्रमाणें लेखनदोष मोजून पोथीचें वय कां काढूं नये? कोसंबींनीं स्वतः शेकडो पोथ्या पाहून १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति काढली, परंतु तेथें हें गणित लावलें नाहीं. कारण उघड आहे. लेखक दुसरी पोथी समोर ठेवून गेलेला पाठ परत आणूं शकतो. झिजलेल्या नाण्यावर चांदी परत चढत नाहीं.

ज्यांच्याजवळ निधींतील नाणीं आहेत त्यांनीं प्रत्येक नाण्याचें वजन मिलिग्रॅमपर्यंत व मागील ठशांची संख्या जोडीनें टिपून ठेवावी, आणि तें पुरें होईपर्यंत चिंच अथवा आम्ल यांस हात लावूं नये. एका निधींतील नाणीं दुसऱ्यांत मिसळूं नयेत.